तीन डिस्कांची वाटणी

आमच्या घराला सोयरिकी जुळवण्याचा दांडगा अनुभव होता, संगणकाचा नव्हता. त्यामुळे घरच्या साठवणीच्या यंत्रासाठी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, निवडण्याची वेळ आली तेव्हा घरच्यांनी तो प्रश्न सोयरिकीच्याच रीतीने सोडवायला घेतला. घराणे कोणते, मूळ कुठले, मागणी काय आहे, आणि आपल्या ओळखीत कोणी तिथे लेक दिली आहे का. यंत्राला काम काय जमते, हा प्रश्न माझ्याखेरीज कोणी विचारला नाही. सोयरिकीतही तो शेवटीच विचारतात.

घर हिंगोलीत, स्टेशनपासून पायी जाण्याइतके जवळ. खाली मी आणि माझी पत्नी. वर थोरल्या बंधूंचे कुटुंब. बंधू तेव्हा हयात नव्हते. वहिनी होत्या आणि त्यांचा मुलगा, जो एस.टी. डेपोसमोर संगणकाचा क्लास चालवीत असे. मागच्या बाजूला धाकटा भाऊ. तो हायस्कुलात गणित शिकवी आणि वर्गाबाहेरही दुसऱ्याला बोलू देत नसे. चुली केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. वारंगा फाट्याजवळची शेती, हे घर आणि मानापमान एवढेच काय ते एकत्र उरले होते. मी टेलिफोन खात्यात तांत्रिक नोकरी करून निवृत्त झालो होतो. घरातल्या बिघडलेल्या सर्व वस्तू माझ्याकडे येत. चालू वस्तूंबद्दल मात्र माझे मत कोणी विचारीत नसे.

साठवणीचे यंत्र घरी असावे हा विचार एका कॅसेटमुळे आला. नव्वदच्या दशकात थोरल्या बंधूंच्या मुलीचे लग्न झाले, त्याचे व्हिडिओ चित्रण होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येत होती, नवरदेव बदामाच्या आकारात गरगर फिरत होता आणि माणसांच्या सर्व बोलण्यावर सिनेमाची गाणी चढवलेली होती. एका ठिकाणी मात्र चित्रण जुळवणाऱ्याची गाण्याची फीत संपली असावी किंवा त्याला डुलकी लागली असावी. तेवढ्या तुकड्यात थोरले बंधू आचाऱ्यावर ओरडताना ऐकू येतात. वरण पांढरेफटक झाले होते. “हळदीच्या मुलखात राहून वरणात हळद टाकायची लाज वाटून राहिली का रे तुला?” असे ते विचारतात. आचारी काही पुटपुटतो. बंधू तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणतात, आणि गाणे पुन्हा सुरू होते. पुढे काही वर्षांत बंधू गेले. त्यांचा आवाज तेवढ्या एका जागी उरला.

वहिनींना तो जपायचा होता. त्यांनी तसे शब्दांत कधी सांगितले नाही. सांगण्याची आमच्या घरात पद्धत नाही. पण कॅसेटला बुरशी लागली तेव्हा त्यांनी ती स्वतः माझ्या हातात आणून दिली. नांदेडच्या एका दुकानदाराने ती संगणकावर उतरवून घेतली. फीत एकदा चालली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा तुटली. उतरवलेली नक्कल घेऊन मी परतलो तर वहिनी जिन्यात उभ्या होत्या.

“आता हे कुठं ठेवायचं, भावजी?”

“व्यवस्था करतो,” मी म्हणालो.

“करतो तर आचारीबी म्हणला व्हता,” असे म्हणून त्या वर गेल्या.

तो आवाज टिकावा, एवढेच या सर्व खटाटोपाचे कारण होते. पुढे त्यात इतके काही मिसळले गेले की ते एकदा स्पष्ट सांगून ठेवलेले बरे.

पुतण्याच्या क्लासातला एक जुना संगणक मिळाला. त्यावर काय चढवायचे हा प्रश्न. गावातल्या सर्व दुकानांत, सर्व क्लासांत आणि बहुतेक कचेऱ्यांत एकच कार्यप्रणाली होती. ती विकत घ्यायची असते ही गोष्ट गावाला ऐकून माहीत होती. ज्याने ती विकत घेतली आहे असा मनुष्य मात्र मला हिंगोलीत भेटला नाही. मी म्हणालो की आपल्याला ती नको. जी उघडपणे, सर्वांना वापरायला, वाचायला आणि बदलायला दिलेली आहे अशी एखादी निवडू. माझ्या या म्हणण्याने घरात संशयाचे वातावरण पसरले. विकायची वस्तू फुकट वापरताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही, ते फुकट दिलेली वस्तू फुकट घेताना दचकले.

रविवारी बैठक भरली. पुतण्याने तीन सीडी आणून सतरंजीवर मांडल्या, जशा मुलांच्या पत्रिका मांडतात तशा.

“फुकट काहून देऊन राहिले हे लोक?” धाकट्याने पहिला प्रश्न टाकला.

“ओपन सोर्स आहे, काका,” पुतण्या म्हणाला. “जगातले लोक मिळून बनवतात.”

“म्हणजे मालक न्हाई?”

“तसा एक मालक न्हाई.”

“मालक न्हाई अन् फुकट. मग गायरानच की हे!” धाकट्याने मांडीवर थाप मारली. “उद्या कोणी अतिक्रमण केलं तर दाद कोणाकडं मागायची?”

मी त्याला समजावले की या प्रणालीचे आतले सर्व लिखाण उघडे असते. त्यात काही खोट असेल तर कोणालाही वाचून तपासता येते.

“तुमी तपासलं का, दादा?”

“नाही.”

“मंग?”

वकिलाच्या तोंडात शोभेल असा प्रश्न होता. तेवढ्यावर धाकट्याला दिवसभराचा आनंद मिळाला.

उमेदवार तिघे. पहिला पुतण्याच्या पसंतीचा. तो लावला की पडद्याचा चौकोनी ठोकळा होई आणि गरगर फिरे. खिडक्या ओढल्या की थरथरत. क्लासातली पोरे ते पाहायला गर्दी करीत. हे यंत्र कोठीच्या खोलीत धान्याच्या कणग्यांशेजारी राहणार होते आणि त्याला पडदाच असणार नव्हता, ही बाब मी दोनदा निदर्शनास आणली. पुतण्या म्हणाला, “पण काका, पुढं लागलं तर?” आमच्याकडे जावई निवडतानाही हाच विचार होतो. पुढे लागली तर असावी म्हणून मुलाची एखादी शहरातली नोकरी पाहतात. तो रोज घरी कसा वागतो हे कोणी पाहत नाही.

दुसरा त्याच कुळातला, पण थोर घराण्याचा. जुना, भारदस्त, त्याच्यावर सर्व काही करता येते अशी ख्याती. मी तो लावून पाहिला. सर्व काही करता येते याचा अर्थ सर्व काही आपल्यालाच करावे लागते, असा निघाला. 

तिसरा वेगळ्याच कुळातला आणि आकाराने लहान. तो पेनड्राइव्हवर मावे, दुसऱ्या संगणकावरून त्याला आज्ञा देता येत, आणि त्याला फक्त साठवण करता येई. गाणी वाजवणे, पडदे फिरवणे, पत्रे लिहिणे यांपैकी काही नाही. मला तो एकदम पसंत पडला. एकच काम जाणणारा आणि तेवढेच मुकाट्याने करणारा मनुष्य आमच्या घराण्याला मात्र नेहमीच कमी प्रतीचा वाटत आला आहे.

मी तिघांची परीक्षा घेतली. परीक्षा साधी. मोठी फाइल उतरवणे सुरू करायचे आणि मध्येच वीज तोडायची. प्लग ओढण्याचे कष्ट मला पडले नाहीत. भारनियमन ते काम ठरल्या वेळी करी आणि न ठरल्या वेळीही. वीज परत आल्यावर पहिल्याने कुरकुर केली व प्रश्नांची सरबत्ती लावली. दुसऱ्याने आपल्या सर्व अवयवांची तपासणी सुरू केली आणि ती संपेपर्यंत कोणाशी बोलणार नाही असा पवित्रा घेतला. तिसरा उठला आणि कामाला लागला. मी हा निकाल बैठकीत मांडला. सर्वांनी तो आदराने ऐकला आणि चर्चा पुढे चालू ठेवली.

अडचण तिसऱ्याच्या कुळाच्या चिन्हावरून आली. सीडीवर एक लाल रंगाचे शिंगाळे पोर काढलेले होते, हातात त्रिशूळ घेतलेले.

“हे काय राक्षस घरात आणून राहिले?” धाकटा म्हणाला. गणिताचा शिक्षक. “कोठीत धान्य हाय, पलीकडं देवघर हाय.”

पुतण्यानेही मान डोलावली. हा नकार त्याच्या ठोकळ्याच्या पथ्यावर पडणारा होता. मी काही बोलणार तोच दाराशी डाळ निवडत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “इकडं आणा बघू.”

त्यांनी सीडी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

“शिंगं हायत. त्रिशूळ हाय. शेंदरी हाय,” त्या म्हणाल्या. “म्हसोबा हाय हा. राखणीचाच देव की. बांधावर बसवतो तो घरात बसवला तर काय बिघडलं?”

विषय तिथे मिटला. विजेची परीक्षा, माझी तांत्रिक नोकरी आणि पुतण्याचा क्लास यांना जे जमले नव्हते ते म्हसोबाने केले. आमच्या घरात कार्यप्रणाली पसंत झाली ती अशी. पत्नीने यंत्राला कुंकू लावले आणि हळदही. ती पंख्याच्या जाळीत किती गेली हे मला पुढे साफ करताना कळले.

आता डिस्का. माझा विचार दोन घेण्याचा होता. दोन्हींवर तेच ते लिहिले जाईल. एक मेली तरी दुसरीवर सर्व शाबूत. इतकी सोपी व्यवस्था दुसरी नाही. धाकट्याने हिशेब लावला आणि तो उसळला.

“दोन घ्यायच्या अन् जागा एकीचीच मिळणार? म्हणजे दोन बैल पोसायचे, एकाला औताला जुपायचं अन् दुसऱ्याला नुसतं बघत उभं करायचं?”

“पहिला मेला तर दुसरा लागतो,” मी म्हणालो.

“मरायच्या आधीच काहून मारता त्याला?”

शिवाय दोन डिस्का आणि तीन घरे, ही गोष्टही कोणाला बरी वाटेना. तिसऱ्या घराने काय करायचे? तेव्हा तीन घेण्याचे ठरले, घरटी एक. तीन डिस्कांसाठी निराळी रचना असते. प्रत्येक फाइलीचे तुकडे होऊन ते तिन्हींवर पसरतात आणि त्यांच्यासोबत एक पडताळ्याचा तुकडा ठेवला जातो. तिघींपैकी कोणतीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिच्यावरचे सारे पुन्हा काढता येते. दोन गेल्या की सर्व गेले. हे मी बैठकीत दोनदा सांगितले. त्यातले ‘एक गेली तरी चालते’ एवढेच सर्वांच्या ध्यानात राहिले. आवडते तेवढे ऐकणे ही आमच्या घराण्याची जुनी कला आहे.

यंत्र सुरू झाले. मी त्यात तीन कप्पे केले: थोरले, मधले, धाकटे. ज्याने त्याने आपले फोटो, आपली कागदपत्रे आपल्या कप्प्यात टाकावीत. थोरल्यांच्या कप्प्यात लग्नाचे चित्रण ठेवले. वहिनी मधूनमधून खाली येत, मी ते पुतण्याच्या लॅपटॉपवर लावून देई आणि काही कामाचे निमित्त करून बाहेर जाई. यंत्राने कधी तक्रार केली नाही. त्यामुळे ते आहे हे घर विसरले. चांगल्या व्यवस्थेच्या नशिबी असेच विस्मरण असते.

मग वाटणी निघाली. कारण सांगण्यासारखे नाही. वाटणीचे कारण कधीच सांगण्यासारखे नसते. धाकट्याने नव्या वसाहतीत घर बांधायला काढले होते, त्याला आपले आपल्या नावावर हवे होते. रानाचे वाटे शांतपणे झाले. मग घरातल्या वस्तू निघाल्या. आमच्याकडे रीत अशी की वाटे थोरल्या घराने पाडायचे आणि उचलायचा मान धाकट्याचा. वाटे पाडणाऱ्याला शेवटचा वाटा राहतो, म्हणून तो सारखेच पाडतो. रीत शहाणपणाची आहे. तांब्याच्या घागरी, सतरंज्या, पितळी पातेली, पाट यांच्याबाबतीत ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे.

नेमका त्या आठवड्यात मी नांदेडला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेलो होतो. परतलो तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. माझ्या पलंगावर वस्तू मांडलेल्या होत्या: दोन घागरी, एक सतरंजी, एक परात, आणि टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क.

मी धाकट्याला बोलावले.

“हे काय आहे?”

“तुमचा वाटा, दादा. तुमी नव्हते म्हणून काही कमी केलं न्हाई. बराबर तीन केले.” त्याचा चेहरा प्रामाणिकपणाने उजळला होता. “कप्पे तीन, डिस्का तीन. थोरल्याचं थोरल्याला, मधल्याचं मधल्याला. मी पयले उचलली, रीतीनं. पण लबाडी न्हाई केली, माझीच उचलली.”

“तुझी कोणती हे कसे कळले?”

“पोरानं सांगितलं. खालून तिसरी.”

पोराने म्हणजे पुतण्याने. त्याच्या क्लासात डिस्का आणि त्यांचे प्रकार यांवर एक स्वतंत्र धडा होता आणि तो धडा तो स्वतः शिकवीत असे, हे इथे नमूद करतो.

दोघांनी मिळून यंत्राची पेटी उघडली होती, तिन्ही डिस्का व्यवस्थित सोडवल्या होत्या, स्क्रू एका वाटीत जपून ठेवले होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. रामाच्या राज्यात झाली नसेल इतकी न्यायाची वाटणी झाली होती, आणि तिघांच्याही हाती काहीच आले नव्हते.

“तुझी कुठे आहे?” मी विचारले.

“घरच्या संगणकाला लावली. तर त्यानं विचारलं, फॉरमॅट करायची का.”

“मग?”

“व्हय म्हणलं. शिकलेल्या माणसानं न्हाई कशाला म्हणायचं?”

एक गेली. माझी माझ्या पलंगावर होती. प्रश्न तिसरीचा राहिला. ती पुतण्याने क्लासातल्या संगणकाला लावली असेल आणि त्या संगणकानेही तोच प्रश्न विचारला असेल, तर थोरल्या बंधूंचा आवाज जगात कुठेच उरला नव्हता. पुतण्या डेपोसमोर होता. मी वाट न पाहता, पट्टी बांधलेल्या डोळ्याने, कठड्याला धरून जिना चढलो.

वहिनी पाटावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला.

“डोळा बांधून जिने चढून राहिले? बोलावलं असतं तर मी आले असते.”

“वाटणीत आलेली ती डिस्क कुठे आहे?”

“हाय.”

“मुलाने कुठे लावली होती का?”

“त्याला हात लावू दिला न्हाई,” त्या म्हणाल्या. “क्लासात घेऊन जातो म्हणला. तिथं धा जण हात लावणार. म्हणलं, हा वाटा माझ्या पदरात घातलाय. तुझा वाटा मी मेल्यावर.”

इतका वेळ मी उभा होतो. तिथल्या पेटीवर बसलो. 

“ती मला द्या.”

वहिनींचा शेंगा सोलणारा हात थांबला. “वाटा परत घेता, भावजी?”

“परत नाही. यंत्रात लावायची आहे.”

“तुमचा वाटा तुमाला भेटला न्हाई का?”

“भेटला.”

“मंग माझा काहून पाहिजे?”

“तुमच्या डिस्कवर एकटीवर काही नाही, वहिनी.”

“ह्यांचा आवाज हाय.”

“पुरा नाही. तुकडे आहेत. काही तुमच्याकडे, काही माझ्याकडे.”

“आवाजाचे तुकडे कसे व्हतील? माणूस तर अख्खा व्हता.”

मी कधी वर्ग घेतला नाही. तरी जमेल तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नेमका प्रश्न विचारला.

“अन् धाकल्याकडचे तुकडे?”

“त्याने पुसले.”

त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली आणि म्हणाल्या, “लहानपणापासून पाटी पुसायची घाई त्याला.”

“तुमची आणि माझी अशा दोन असल्या तर त्याच्याकडचे निघतात,” मी म्हणालो. “पडताळ्याने काढता येतात.”

“तुमी तुमच्या मनानं भरणार व्हय?”

“नाही. होते तेच निघतात.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. माझा एक डोळा झाकलेला होता. दुसऱ्यात त्यांना काय दिसले ते मला सांगता येत नाही. मग त्या उठल्या, मला पेटीवरून उठवले, पेटी उघडली आणि चोळीच्या खणात बांधलेली डिस्क काढली. ती मी ज्या पेटीवर बसलो होतो तिच्यातच होती. मी हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

“तुमच्या हातात न्हाई देणार. मीच लावते. तुमी सांगा कुठं.”

खाली कोठीत त्यांनीच ती लावली. वायर कोणती, टोक कोणते हे मी सांगत होतो. दिसत मलाही नीट नव्हते. माझी डिस्कही त्यांनीच बसवली. एव्हाना धाकटा दारात येऊन उभा राहिला होता. पुतण्याही क्लासातून आला आणि “काका, मी करतो ना,” म्हणाला. 

“तू सर लांब,” वहिनी म्हणाल्या. “सोडवताना लई हुशारी केली.”

यंत्र सुरू केले. पुतण्याचा लॅपटॉप कोठीत आणून त्यावरून मी आत पाहिले. यंत्राने कळवले की तिघींपैकी एक हजर नाही. बाकी कामकाज चालू आहे. आरडाओरडा नाही, दोषारोप नाही. घरातल्या कोणाही माणसाने त्या दिवशी इतके सभ्य वाक्य उच्चारले नव्हते. थोरल्यांचा कप्पा उघडला. नावे दिसली. नावे दिसणे म्हणजे आतला मजकूर असणे नव्हे, हे मला ठाऊक होते. मी ते कोणाला सांगितले नाही. चित्रण लावले. गुलाब उमलला, बदाम फिरला, गाणे वाजले. गाणे वाजत होते म्हणजे अजून काही सिद्ध झाले नव्हते. मग गाणे तुटले आणि थोरले बंधू कोठीच्या खोलीत आचाऱ्यावर ओरडले.

वहिनींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, बंधू घरात असताना घेत तसा, आणि उभ्या राहिल्या.

मी यंत्राकडे पाहत होतो. धाकटा बाहेर गेला.

गाणे पुन्हा लागल्यावर वहिनी म्हणाल्या, “निघाला ना पुरा?”

“निघाला.”

“आता माझा वाटा काढून द्या.”

मी समजावले की आता काढली तर पुन्हा तेच होईल. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या, डिस्क घेतल्याशिवाय जिना चढणार नाही अशा बेताने. शेवटी असे ठरले की नवी डिस्क येईपर्यंत वाटा माझ्या कोठीत राहील आणि कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. तशी ती राहिली. त्या दिवसांत मला कणगीतली तूर काढायची तरी वर जाऊन किल्ली मागावी लागे.

नव्या डिस्का नांदेडहून आल्या, या वेळी दोन. धाकट्याला विचारले नाही. दोन्हींवर सर्व उतरवले. एकीवर जे तेच दुसरीवर. एक यंत्रात ठेवली, दुसरी वहिनींना दिली आणि सांगितले की हिच्यावर तुकडे नाहीत, अख्खे आहे. हिला कोणाची गरज नाही. त्यांनी ती घेतली, खणात बांधली.

“अन् माझी?”

“तीत आता काही नाही.”

“नसू द्या. वाट्याला आलेली हाय.”

मी तीही दिली.

या प्रकरणातून ज्याने त्याने आपापला बोध घेतला. पुतण्याच्या क्लासात ‘बिघडलेल्या साठवणीतून माहिती कशी सोडवावी’ असा नवा धडा सुरू झाला. त्यात बिघाड कोणी केला हा भाग नसे, आणि सोडवणारा कोण याबद्दल विद्यार्थ्यांचा काही गैरसमज होत असल्यास पुतण्या तो दूर करीत नसे. धाकट्याने शाळेत सांगितले की मालक नसलेल्या वस्तूचे असेच व्हायचे, आपण आधीच बजावले होते. ज्या कार्यप्रणालीने एक डिस्क पुसली गेलेली असताना निमूट काम केले तिचा दोष निघाला. ज्याने ‘फॉरमॅट करायची का’ या प्रश्नाला व्हय म्हटले तो निर्दोष सुटला.

काही दिवसांनी धाकटा माझ्याकडे आला. तक्रार घेऊन आला होता हे त्याच्या चपला काढण्यावरूनच कळत होते.

“वहिनीला दोन डिस्का दिल्या म्हणं, दादा.”

“दिल्या.”

“मला एकच हाय. तीबी कोरी. हे बराबर न्हाई. वाटणी म्हणजे वाटणी.”

“त्यांच्या दोहोंपैकी एक बिनकामाची आहे.”

“कामाची का बिनकामाची, तो सवाल न्हाई. दोन ते दोन.”

त्याच्या कप्प्यातले सर्व फोटो यंत्रात सुखरूप निघाले होते. ते हवेत का, असे मी विचारले. तो म्हणाला, ते नंतर पाहू. मी टेबलाचा खण उघडला. त्यात फार पूर्वी मेलेली एक जुनी डिस्क होती. हलवली की आत काहीतरी खुळखुळे. ती त्याला दिली. त्याने ती तळहातावर घेतली, अंदाज घेतला.

“ही वहिनीच्यापेक्षा जड हाय,” तो म्हणाला, आणि समाधानाने घेऊन गेला.